व्हिसेरात विष सापडले नाही. शरीरद्रवांच्या चयापचय-तपासणीतून मृत्यूचे कारण कळू शकते का?

मलप्रभाकाठ (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमचे गाव खानापूर तालुक्यात आहे. गेल्या कार्तिक महिन्यात माझे धाकटे चुलते, वय ५६, रात्रीच्या थ्री-फेज विजेवर उसाला पाणी पाजण्यासाठी शेतात गेले आणि सकाळी खोपीत मृतावस्थेत सापडले. अंगावर जखम नव्हती आणि झटापटीची खूणही नव्हती. खोपीत कीटकनाशकाचा अर्धा डबा होता, पण तो तिथे बारा महिने असतो. आमच्या भागात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावणे ही नवलाची गोष्ट नाही, त्यामुळे घरातील थोरांनी पहिल्या दिवसापासून सापाचेच नाव घेतले. चुलत्यांना बरीच वर्षे मधुमेह होता व इन्सुलिन चालू होते. शेवटच्या आठवड्यात ताप आल्यामुळे त्यांना जेवण जात नव्हते, आणि जेवण नाही तर सुई कशाला, असे म्हणून त्यांनी चार दिवस इन्सुलिन घेतले नव्हते, ही गोष्ट काकूंनी आम्हाला तेराव्यानंतर सांगितली.

शवविच्छेदन त्याच दिवशी दुपारी झाले आणि मत राखून ठेवून व्हिसेरा, म्हणजे शरीरातील अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेकडे पाठवण्यात आला. सात महिन्यांनी अहवाल आला, त्यात कोणतेही विष आढळले नाही एवढेच लिहिले आहे. त्यावरून दिलेले अंतिम मत असे की मृत्यूचे निश्चित कारण सांगता येत नाही. अपघात विम्याचा दावा त्याच वाक्यावर अडून बसला आहे.

आणखी एक गोष्ट येथील वाचकांना सांगायला हवी, कारण सीमाभागाबाहेरच्यांना ती चटकन ध्यानात येणार नाही. घडलेले सर्व आम्ही मराठीत सांगितले, पंचनामा कन्नडमध्ये लिहिला गेला आणि शवविच्छेदनाचा अहवाल इंग्रजीत आला. पुढे पंचनाम्याचे भाषांतर करून घेतले, तेव्हा त्यात मधुमेहाचा उल्लेखच नाही असे दिसले. त्या सकाळच्या गडबडीत आम्हीच तो सांगितला नसेल, हेही शक्य आहे.

अलीकडे माझ्या वाचनात आले की मृताच्या रक्तातील, लघवीतील किंवा डोळ्यातील द्रवातील शेकडो लहान रेणूंचे एकत्रित चित्र काढून मृत्यूच्या कारणापर्यंत पोहोचता येते. हे खरोखर कितपत शक्य आहे, त्यासाठी कोणता द्रव लागतो, आणि आमच्यासारख्या प्रकरणात आता, इतक्या महिन्यांनी, त्याचा काही उपयोग होईल का, हे जाणकारांनी सांगावे.

रसायनशाळा_निवृत्त

आपल्या चुलत्यांबद्दल वाचून वाईट वाटले. मी आयुष्यभर विषविश्लेषणाचे काम केले आहे, म्हणून आधी त्या एका वाक्याचा अर्थ सांगतो. विष आढळले नाही याचा अर्थ, ज्या विषांसाठी तपासणी केली त्यांपैकी एकही सापडले नाही, इतकाच आहे. ती तपासणी म्हणजे हातात यादी घेऊन गर्दीतील ओळखीचे गुन्हेगार शोधणे होय. कीटकनाशके, झोपेच्या गोळ्या, अल्कोहोल, धातू, धान्यात ठेवायच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू, अशी ती यादी असते. ज्याचे नाव यादीत नाही तो समोरून निघून गेला तरी कोणी अडवत नाही.

चयापचय-तपासणीची, म्हणजे मेटॅबोलोमिक्सची, रीत उलटी आहे. तिथे कोणा एकाला शोधत नाहीत. आठवडी बाजार उठल्यावर मैदानात काय पडले आहे ते पाहिले की कोणता माल आला होता आणि कुठे झुंबड उडाली होती, हे जाणकाराला कळते. तसे हे आहे. शरीरातील साखर, आम्ले, अमिनो आम्ले, केटोन, कार्निटिनला जोडलेली मेदाम्ले, जनुकद्रव्याचे तुकडे असे लहान रेणू शेवटच्या काही तासांत कसे वरखाली झाले, त्याचा ठसा द्रवात राहतो. थंड ॲसिटोनायट्राइल किंवा मिथेनॉल घालून प्रथिने खाली बसवतात, वरचा स्वच्छ भाग रेणू सुटे करणाऱ्या द्रव क्रोमॅटोग्राफीतून त्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडतात आणि हजारो शिखरांचा आलेख मिळवतात. काही ठिकाणी हेच काम एनएमआर यंत्रावर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखणाऱ्या यंत्रावर, होते. ते कमी संवेदनशील आहे, पण नमुना फारसा हाताळावा लागत नाही आणि मोजमाप पुन्हा केले तरी तेच येते.

स्वीडनमधील लिंशोपिंग येथे त्या देशाच्या न्यायवैद्यक मंडळाचा विषशास्त्र विभाग आहे. तेथील लोकांनी एक हुशारीची गोष्ट केली. शवविच्छेदनाच्या वेळी विषतपासणीसाठी मांडीच्या शिरेतील रक्त ते एरवीही घेत होते आणि उच्च पृथक्करण क्षमतेच्या यंत्रावर ते तपासतही होते. त्या यंत्राने विषांबरोबर बाकीचे सगळे रेणूही नोंदवून ठेवले होते, फक्त त्यांच्याकडे कोणी पाहिले नव्हते. त्यांनी चार हजारांहून अधिक मृत्यूंची ही साठवलेली माहिती पुन्हा उघडली आणि रक्तातील आम्लता, औषधांची विषबाधा, गळफास, हृदयाच्या रक्तपुरवठ्याचा विकार व न्यूमोनिया असे गट त्यातून वेगळे ओळखता येतात का, ते पाहिले. बऱ्याच प्रमाणात येतात. आपल्याकडेही ही तपासणी नेहमीची झाली, तर 'निश्चित कारण सांगता येत नाही' हे वाक्य पुष्कळ कमी वेळा लिहावे लागेल, अशी माझी खात्री आहे.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाबाबत मात्र कटू सांगणे भाग आहे. व्हिसेरा आपल्याकडे बहुधा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. विष टिकवायला ती पद्धत ठीक आहे, पण लहान रेणू अवयवातून त्या खाऱ्या पाण्यात उतरतात आणि इतके मीठ मास स्पेक्ट्रोमीटरला मुळीच मानवत नाही. लोणच्याच्या बरणीतील फोडीवरून कैरी कोणत्या दिवशी झाडावरून उतरवली हे सांगा म्हणण्यासारखे ते होईल.

न्यायवैद्यक_अध्यापक

वरील उत्तर चांगले आहे, पण मी जरा वेगळ्या टोकाकडून लिहितो. मेटॅबोलोमिक्स हा शब्द मोठा आहे आणि त्यामागे महागडे यंत्र उभे आहे. आपल्या चुलत्यांच्या बाबतीत ज्या गोष्टीची गरज होती ती जिल्हा पातळीवरच्या साध्या जैवरसायन प्रयोगशाळेतही मोजता आली असती, फक्त योग्य द्रव योग्य वेळी काढलेला असायला हवा होता. तो द्रव डोळ्यातला.

डोळ्याच्या बाहुलीमागच्या पोकळीत जेलीसारखा काचाभ द्रव असतो. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून सुई घालून तो अगदी सावकाश ओढला, तर प्रत्येक डोळ्यातून दोन-तीन मिलिलिटर मिळतो आणि त्या जागी तेवढेच पाणी भरले की चेहऱ्यात काही फरक दिसत नाही. अस्थींच्या खोबणीत आणि बंद कवचात असल्यामुळे जंतू तिथे उशिरा पोहोचतात. रक्ताचे तसे नाही. मृत्यूनंतर रक्तपेशी फुटतात, आतड्यातील जंतू शिरांमधून पसरतात आणि यकृत, फुप्फुसे, हृदय यांत साठलेले पदार्थ भोवतालच्या रक्तात उतरतात, म्हणून हृदयातील रक्तापेक्षा मांडीच्या शिरेतील रक्त अधिक विश्वासाचे मानतात.

काचाभ द्रवातील ग्लुकोजचा अर्थ लावताना एक नियम कायम ध्यानात ठेवावा लागतो. मृत्यूनंतरही पेशी ते ग्लुकोज वापरत राहतात, त्यामुळे ते उतरत जाते. म्हणून कमी आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही, जास्त आकड्यावरून होते. प्रति डेसिलिटर १८० मिलिग्रॅमपेक्षा, म्हणजे प्रति लिटर १० मिलिमोलपेक्षा, ग्लुकोज जास्त निघाले तर मृत्यूपूर्वी रक्तातील साखर खूप वाढलेली होती असे म्हणता येते. ग्लुकोज मोडून लॅक्टेट होते हे लक्षात घेऊन काही जण या दोन्हींची बेरीजही पाहतात, पण लॅक्टेट इतर कारणांनीही वाढते, म्हणून त्या बेरजेवर एकट्याने मत देऊ नये. त्यासोबत बीटा हायड्रॉक्सीब्युटिरेट हे केटोन, म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबी जाळते तेव्हा बनणारा पदार्थ, पाहायचे. रक्तात ते प्रति लिटर ०.५ मिलिमोलच्या आत असेल तर नेहमीचे, २.५ च्या वर गेले तर गंभीर. ग्लुकोज आणि हे केटोन दोन्ही चढलेले असतील तर मधुमेहातील केटोॲसिडोसिस, म्हणजे इन्सुलिनअभावी केटोन साचून रक्त आम्लधर्मी होणे. केटोन चढलेले पण ग्लुकोज नाही, आणि माणूस दारूच्या आहारी गेलेला, तर मद्यजन्य केटोॲसिडोसिस किंवा उपासमार. चार दिवस इन्सुलिन बंद, वर ताप, पोटात अन्न नाही, ही केटोॲसिडोसिसची अगदी पाठ्यपुस्तकातील पार्श्वभूमी आहे. शवविच्छेदनात डोळ्यांना त्याचे काहीच दिसत नाही, अवयव जवळपास जसेच्या तसे असतात. त्याच द्रवात सोडियम १५५ च्या व क्लोराइड १३५ मिलिमोलच्या वर आणि सोबत युरियाही वाढलेला निघाला, तर शरीरातील पाणी फार कमी झाले होते हेही कळते.

याउलट, इन्सुलिन जास्त झाल्याने आलेला मृत्यू सिद्ध करणे फार कठीण असते, कारण कमी ग्लुकोज हा पुरावाच होत नाही. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे १९५७ मध्ये केनेथ बार्लो या परिचारकाने पत्नीला इन्सुलिन टोचून मारल्याचे उघड झाले, ते सुईच्या खुणांभोवतीच्या मांसातून इन्सुलिन काढून उंदरांवर त्याचा परिणाम पाहिल्यामुळे. आज रक्तात इन्सुलिन जास्त आणि सी-पेप्टाइड कमी, ही जोडी पाहतात, कारण शरीर स्वतः इन्सुलिन तयार करते तेव्हा दोन्ही बरोबर निघतात, तर बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनबरोबर सी-पेप्टाइड येत नाही. रक्तपेशी फुटल्या की तेही मोजणे बिनसते.

आता सापाबद्दल. मण्यारीच्या दंशाची खूण बहुधा दिसतही नाही, सूज येत नाही, आणि तिचे विष प्रथिनांचे बनलेले असल्यामुळे कीटकनाशकांसाठी केलेल्या व्हिसेरा तपासणीत ते येणारच नाही. त्यासाठी दंशाच्या जागेची कातडी किंवा रक्त घेऊन प्रतिद्रव्यांवर आधारलेली चाचणी करावी लागते. म्हणजेच 'विष आढळले नाही' या वाक्याने मण्यार बाद होत नाही. कर्नाटक शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंश हा कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांत घेतला, त्यामुळे दवाखान्यात पोहोचलेल्यांची नोंद सुधारेल. खोपीत मेलेल्या माणसाची नोंद त्याने सुधारेल असे मला वाटत नाही.

आकडेमोड_अथणी

मी सांख्यिकीची संशोधक विद्यार्थिनी आहे आणि अशाच प्रकारच्या माहितीवर काम करते. रसायनशाळेतील काकांच्या उत्साहाला थोडी वेसण घालावीशी वाटते, त्यांनी राग मानू नये.

पहिली गोष्ट अशी की या पद्धतीतील प्रारूप, म्हणजे जुन्या प्रकरणांवरून शिकवलेली संगणकी आकडेमोड, फक्त त्याला शिकवलेले गट ओळखते. स्वीडनच्या प्रारूपाला गळफास, न्यूमोनिया, हृदयविकार शिकवले गेले. त्याच्यासमोर मण्यारीच्या दंशाने श्वास थांबलेल्या माणसाचे रक्त ठेवले, तर ते 'हे मी पाहिलेले नाही' असे आपणहून म्हणत नाही; त्यातल्या त्यात जवळच्या गटात नेऊन बसवते, तेही मोठ्या खात्रीचा आकडा देऊन. आपल्या चुलत्यांच्या बाबतीत शंका तीन आणि त्यांतली एक प्रारूपाच्या गावीही नाही, अशी ही स्थिती आहे.

दुसरी गोष्ट वेळेची आणि उन्हाची. मृत्यूनंतर शरीर थांबत नाही. प्राणवायू संपल्यावर लॅक्टेट वाढत जाते, ऊर्जा साठवणारे एटीपी मोडत मोडत हायपोझँथिनपर्यंत येते, प्रथिने तुटून अमिनो आम्ले सुटतात, पुढे जंतू त्यांचे पुट्रेसिन आणि कॅडाव्हेरिन करतात. त्यामुळे जे चित्र समोर येते त्यात मृत्यूचे कारण किती आणि मृत्यूनंतरचे तास किती, हे सुटे करणे हीच खरी कसोटी आहे. डोळ्यातील पोटॅशियमचे उदाहरण घ्या, तिथे तर एकच रेणू आहे. समजा द्रवात प्रति लिटर ८ मिलिमोल पोटॅशियम निघाले. १९६० च्या दशकातील स्टर्नर यांच्या सूत्राने त्याला ७.१४ ने गुणून ३९.१ वजा केले तर मृत्यूला १८ तास झाले असे येते. १९८९ मधील मडेआ यांच्या सूत्राने ५.२६ ने गुणून ३०.९ वजा केले तर ११ तास येतात. एकच डोळा, एकच आकडा आणि सात तासांचा फरक. आमच्या अथणीकडचा वैशाखातला मृतदेह आणि खानापूरच्या पावसाळ्यातला मृतदेह हे एकाच जिल्ह्यातले असले तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते दोन देशांतले आहेत, आणि स्वीडनमधील शीतगृहातला तिसऱ्याच. इथल्या हवेत, इथल्या शवागारांत, मृत्यूचे कारण पक्के माहीत असलेल्या शेकडो प्रकरणांचे नमुने आधी जमवल्याशिवाय परक्या प्रारूपाचे उत्तर इथे लावणे मला धोक्याचे वाटते.

अल्कोहोलचे उदाहरणही देऊन ठेवते, कारण त्यावरून विम्याचे दावे अडतात. कुजणाऱ्या शरीरात जंतू स्वतः अल्कोहोल तयार करतात. माणूस खरोखर प्यायला होता का, हे ठरवायला एथिल ग्लुकुरोनाइड किंवा एथिल सल्फेट पाहतात. प्यालेली दारू शरीरात पचत असतानाच ते बनतात, नुसत्या कुजण्याने बनत नाहीत. एका नेमक्या रेणूने निकाल लागतो तिथे हजार शिखरांचे चित्र कशाला काढावे? अध्यापक सरांनी सांगितलेले केटोन हे त्याच जातीचे आहे.

रसायनशाळा_निवृत्त

राग कसला, ताई. वेसण योग्य ठिकाणी घातलीत. प्रारूपाला 'माहीत नाही' म्हणता येत नाही हा मुद्दा मी सोडून दिला होता. तरी एक गोष्ट धरून ठेवतो. अनेक रेणूंचे चित्र हे चाळणी म्हणून वापरावे, निकाल म्हणून नव्हे. कोणत्या प्रकरणात कोणती नेमकी चाचणी करायची, हे जर चाळणीने दाखवले, तर तिने आपले काम केले.

वकील_टिळकवाडी

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. महाराष्ट्रात ज्याला अकस्मात मृत्यू किंवा 'ए.डी.' म्हणतात त्याला कर्नाटकात 'यू.डी.आर.' म्हणतात. चंदगडकडचे रुग्ण बेळगावच्या दवाखान्यात येऊन दगावतात तेव्हा कागद एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात आणि या दोन नावांमुळेच पुष्कळ गोंधळ होतो, म्हणून अर्जात यू.डी.आर.चा क्रमांक आणि पोलीस ठाणे बिनचूक लिहावे. १ जुलै २०२४ पासून अशा मृत्यूची चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते, पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ होते. तज्ज्ञाचे मत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये येते. न्यायालय तज्ज्ञाला 'कशावरून' असे विचारते, आणि 'यंत्राने या गटात टाकले' हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. केटोनचा आकडा, त्याची मर्यादा, आणि चार दिवस इन्सुलिन घेतले नव्हते अशी पत्नीची साक्ष, हे उत्तर होऊ शकते.

आपण आधी एवढे करावे: प्रयोगशाळेला काय काय पाठवले गेले, त्या पत्राची प्रत मिळवावी. नुसता व्हिसेरा होता की रक्ताची वेगळी बाटली होती आणि तिच्यात कोणते परिरक्षक घातले होते, हे त्यात लिहिलेले असते. नमुना उरला असेल तर तो नष्ट होण्याआधी जपून ठेवण्याची विनंती लेखी करावी. खाजगी माणसाने थेट प्रयोगशाळेकडे जाऊन उपयोग नाही, अर्ज तपास अधिकाऱ्यामार्फत किंवा दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवा.

एक गोष्ट स्पष्ट बोलावी लागेल. तपासणीत केटोॲसिडोसिस निघाले तर तो आजाराने आलेला मृत्यू ठरेल आणि अपघात विम्याचा दावा तिथेच संपेल. आज तो अडलेला आहे, संपलेला नाही. हा विचार घरात बसून करावा आणि मगच अर्ज द्यावा.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण कागद मिळवण्यात तेवढे दिवस गेले. पत्राची प्रत हातात आली आहे. डोळ्यातील द्रव घेतलेला नाही, आणि मधुमेहाची माहितीच नसताना तो कोणी का घ्यावा, हे आता मला समजते. मात्र व्हिसेऱ्याखेरीज एका लहान बाटलीत १० मिलिलिटर रक्त, सोडियम फ्लोराइड घालून, अल्कोहोलच्या तपासणीसाठी पाठवलेले होते. अल्कोहोल आढळले नाही असे अहवालात आहे.

वकील साहेबांनी सुचवल्याप्रमाणे घरात बोलणे झाले. थोरल्या काकांचे मत अर्ज देऊ नये असे पडले. काकूंनी ते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, की धाकट्या मुलालाही गेल्या वर्षी साखर निघाली आहे, तोही सुई घेतो, तेव्हा साप होता की साखर होती हे मला कळलेच पाहिजे. त्यावर पुढे कोणी बोलले नाही.

या रक्तातून आता काही कळेल का?

न्यायवैद्यक_अध्यापक

बीटा हायड्रॉक्सीब्युटिरेट कळू शकेल. फ्लोराइड घातलेले रक्त गोठवून ठेवलेले असेल तर हा रेणू इतरांच्या मानाने टिकाऊ आहे. ग्लुकोज मोजायला सांगू नका. मृत्यू आणि शवविच्छेदन यांच्यामधल्या तासांत रक्तातील ग्लुकोजचे जे व्हायचे ते होऊन गेले, त्यानंतर घातलेल्या फ्लोराइडने ते परत येत नाही. मधुमेहाची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणी कोणी सुचवेल, पण तिने त्यांना मधुमेह होता एवढेच कळेल, आणि ते आपल्याला ठाऊकच आहे. केटोन कमी निघाले तर केटोॲसिडोसिस बऱ्याच अंशी मागे पडेल, पण त्यामुळे मण्यार सिद्ध होणार नाही, हेही काकूंना आधीच सांगून ठेवावे.

रसायनशाळा_निवृत्त

बाटली शिल्लक असो वा नसो, आणखी एक वाट आहे आणि ती मला आधी सुचायला हवी होती. अल्कोहोलची तपासणी जर गॅस क्रोमॅटोग्राफवर झाली असेल, तर रक्तावरच्या वाफेतील सर्वच उडणारे पदार्थ त्या आलेखात उमटतात. एथिल अल्कोहोलचे शिखर नाही म्हणून अहवालात आढळले नाही असे लिहिले जाते. पण केटोॲसिडोसिस असेल तर त्याच आलेखावर ॲसिटोनचे शिखर असते, आणि शरीरात ॲसिटोनपासून थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल बनत असल्यामुळे त्याचेही कधीकधी दिसते. कोणी ॲसिटोनबद्दल विचारले नव्हते, म्हणून कोणी लिहिले नसेल. स्वीडनच्या लोकांनी जे चार हजार आलेखांचे केले ते आपल्याला एका आलेखाचे करायचे आहे. मूळ आलेखाची प्रत मागा. त्याला नमुना लागत नाही, नवे यंत्र लागत नाही आणि मिठाचाही प्रश्न येत नाही. मात्र ॲसिटोन उपाशी माणसातही थोडे असते, म्हणून शिखर आहे की नाही एवढ्यावर थांबू नये, उंचीही विचारावी आणि रक्त उरले असेल तर केटोन मोजून घ्यावे.

वकील_टिळकवाडी

ही मागणी अर्जात पहिल्या क्रमांकावर घ्या, उरलेल्या नमुन्याची दुसऱ्या. कागद मागण्याला आक्षेप घेणे कठीण असते.

मलप्रभाकाठ

अर्ज तयार केला आहे. अल्कोहोल तपासणीच्या मूळ आलेखाची प्रत मिळावी व त्यावर ॲसिटोन दिसत असल्यास त्याचे प्रमाण कळवावे. रक्ताचा नमुना शिल्लक असल्यास तो नष्ट न करता त्यातील बीटा हायड्रॉक्सीब्युटिरेट मोजावे. आणि मृत व्यक्तीला मधुमेह होता व मृत्यूपूर्वी चार दिवस इन्सुलिन घेतलेले नव्हते, ही माहिती शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांसमोर ठेवून अंतिम मत पुन्हा मागवावे, अशा तीन मागण्या त्यात आहेत. काकूंचा जबाब सोबत जोडला आहे. तो त्यांनी मराठीत दिला आणि कन्नडमध्ये लिहून घेतला गेला. सही करण्यापूर्वी चार दिवस आणि इन्सुलिन हे दोन्ही शब्द त्यात आहेत की नाहीत, हे मी शेजारच्या कन्नड शाळेतील गुरुजींना बसवून ओळीओळीने वाचून घेतले आहे. अर्ज सोमवारी देतो, उत्तर आले की इथेच कळवतो.